लेन्सपुढच्या काचा

फिल्टर विकत घ्यावे लागतात. त्यांचे किस्से मात्र खिशात वाळू साठावी तसे आपोआप साठतात. झटकले तरी थोडे उरतातच.

कोलकात्याला फिल्म शिकून मी मालवणला परतले ती एका हट्टाने: इथलं जे आहे, ते इथल्याच माणसांनी दाखवायचं, आणि जसंच्या तसं! जामसंड्याचा निलेश कॅमेऱ्यावर, धामापूरची ऋता साउंडवर. देवबागला आबा आणि काकू या वयस्क जोडप्याचं घर खाडीने नेलं होतं. दोघं जवळच आबांच्या भावाकडे राहत होती. उरलेल्या घरांपुढे तरी बंधारा व्हावा, यासाठी आमची ही फिल्म. पण आबा कॅमेऱ्यापुढे येत नव्हते. घराच्या जागेकडे तर फिरकतही नव्हते. "थंय काय बघूक आसा? पाणी!" त्यांच्याशिवाय आमची फिल्म म्हणजे नुसती खाडीची सुंदर चित्रं.

*

खाऱ्या तुषारांपासून लेन्स वाचवायला निलेश एक साधी पारदर्शक काच कायम लावून ठेवतो. ती त्याने आपल्या आईला दाखवली.

"लेन्स काचेची, नि तिका सांभाळूकय काच? मगे ह्या काचेक कोण सांभाळता?"

"तू!" निलेश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या फिल्टरना जुन्या साडीचे बटवे शिवून तयार होते.

*

दुपारी देवबागच्या वाळूवर डोळे उघडवत नाहीत. अशा उन्हात लेन्सवर काळसर काच लावतात, एनडी फिल्टर. ती उजेड कमी करते, हे मी एका होमस्टेवाल्या काकांना मोठ्या तळमळीने समजावलं.

"लोक पैसे मोडून उजेड बघूक येतत," ते म्हणाले, "नि तू तो कमी करतंस? माज्या गिऱ्हाइकांका सांगा नको हां!"

*

मग आम्ही फिरवून गडद करता येणारा एनडी घेतला. स्वस्तातला. तो लावून सरपंचांची मुलाखत घेतली. "बंधारा होणारच!" ते ठासून म्हणाले. घरी येऊन बघतो तर, फिल्टर जास्त फिरवल्यामुळे सरपंचांच्या डोक्यावर आभाळभर काळी फुली!

"ठेव रे ह्यो शॉट," ऋता म्हणाली.

आम्ही प्रामाणिकपणे पुन्हा गेलो. या वेळी फुली नव्हती. पण सरपंच म्हणाले, "बघूया."

*

काकूंच्या मुलाखतीला निलेशने चेहरा मऊ दाखवणारा फिल्टर लावला. मी चिडले. "हे खरं नाही! काढ तो!"

काकूंनी मॉनिटरमध्ये डोकावलं. "माज्यो सुरकुत्यो खंय गेल्यो?"

"काकू, काढतोय आम्ही."

"नको गो चेडवा, ऱ्हवांदे. घर गेलां, तोंड तरी बरां दिसांदे!"

तो फिल्टर राहिला. माझ्या हट्टापेक्षा तो शॉट मोठा होता.

*

शेवटी पोलरायझर. पाण्यावरची चकाकी कापणारी काच. लेन्सवर ती फिरवत योग्य जागा शोधायची. आबांचं घर होतं तिथे आम्ही काठावर कॅमेरा लावला. सकाळची ओहोटी होती, खाडी शांत. काकू मॉनिटरपाशी उभ्या होत्या. निलेश काच हळूहळू फिरवत होता. चकाकी विरली आणि पाण्याखाली चिऱ्यांची एक सरळ ओळ दिसली. मग कोपरा. मग पायरी.

"फिरव नको!" काकू ओरडल्या. मग माडांआडच्या दिराच्या घराकडे तोंड करून, "अहो, हय येवा! आपलां जोतां दिसता!"

आबा आले. बराच वेळ मॉनिटरकडे बघत राहिले. निलेशने काच जरा फिरवली, तर नुसतं चकाकणारं पाणी. परत फिरवली, तर जोतं. आबांनी मान वर करून खाडीकडे पाहिलं. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं.

ते काठाशी गेले. गुडघ्यापर्यंत दुमडलेली लुंगी सोडून घोट्यापर्यंत खाली केली आणि पाण्यात उतरले. कॅमेरा चालू होता.

"अहो, लुंगी वर घेवा, भिजतली!" काकू म्हणाल्या.

आबांनी मागे पाहिलं नाही.

"घरात शिरताना कोण लुंगी वर खोचता?"