गॅस बंद असल्याचे फोटो

सुरुवातीलाच माफी मागतो. परब मॅडमबद्दल लिहायचा अधिकार माझ्यापेक्षा कितीतरी जणांना जास्त आहे. मुलुंडच्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांनी एकतीस वर्षं काढली. त्यांच्या हातून पुस्तकं घेऊन शिकलेले लोक आज प्राध्यापक आहेत, वकील आहेत, त्यांना लिहिता येतं. मी दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिका सोडल्या तर इतकं लांब मी कधी लिहिलेलं नाही. त्यांना मी ओळखत होतो तेही जेमतेम दीड वर्ष. तरी लिहितोय, कारण त्यांच्या बाबतीत माझ्या हातून एक गोष्ट झाली, आणि ती माझ्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही.

घाटकोपरला टेकडीवर एका खोलीत आम्ही पाच जण राहतो. अभ्यासाला जागा हवी म्हणून मी ग्रंथालयात गेलो. पुस्तक मागायचं तर आधी चिठ्ठी भरायची असते, हे मला माहीत नव्हतं आणि कोणाला विचारायची हिंमत नव्हती. काउंटरसमोर नुसता उभा राहिलो. चष्म्यावरून माझ्याकडे बघत एक बाई म्हणाल्या, "पुस्तक हवंय की नुसतं दर्शन घ्यायला आलायस?" मागचे दोघे हसले. मग त्यांनीच चिठ्ठी पुढे सरकवली, कुठे काय लिहायचं ते बोट ठेवून दाखवलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मीसुद्धा अशीच उभी होते. तेव्हा तर मी नोकरीला लागले होते, मेल्या!" त्यांचं गाव मालवणकडचं. वडील गिरणीत होते. 'मेल्या' हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला की समजायचं, आपलं काम झालं.

रोज तिसऱ्या टेबलावर बसायला लागल्यावर त्यांची एक सवय माझ्या लक्षात आली. अकराच्या सुमारास गर्दी ओसरली की त्या ड्रॉवरमधून फोन काढायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि अंगठ्याने स्क्रीन वर सरकवत राहायच्या. बराच वेळ. मग एका जागी थांबून अर्धा मिनिट काहीतरी बघायच्या आणि फोन ठेवून द्यायच्या. मला वाटायचं, फोन नीट वापरता येत नसेल. एकदा धीर करून विचारलं.

"गॅस बघते," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, मुलुंड पूर्वेला त्या आणि त्यांची आई राहायच्या. शेवटची सात-आठ वर्षं आईला विसरायला व्हायचं. एकदा मॅडम कामावर आल्यावर आईने दूध गॅसवर ठेवलं आणि जाऊन झोपली. शेजारच्या काकूंना वास आला म्हणून निभावलं. तेव्हापासून निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचा, शेगडीची बटणं बंद करायची आणि त्याचा फोटो काढायचा. इथे आल्यावर जीव घाबरा झाला की फोटो बघायचा. "नाहीतर अर्ध्या वाटेतून परत जायचे मी. दोनदा गेलेय," त्या म्हणाल्या. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. सवय मात्र गेली नव्हती.

त्यांच्या निवृत्तीच्या महिन्यात कॉलेजच्या संगणक विभागाकडून पत्र आलं, की निवृत्त होणाऱ्यांची कॉलेजची ईमेल खाती बंद होतील, आपापली माहिती काढून घ्यावी. मॅडम ते पत्र घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी पहिला स्मार्टफोन घेतला, तेव्हा कोणीतरी त्यात कॉलेजचं खातं घालून दिलं होतं. त्यामुळे इतकी वर्षं काढलेला प्रत्येक फोटो आपोआप त्याच खात्यात जाऊन बसला होता.

"माझे फोटो कॉलेजचे कसे झाले रे?" त्यांनी विचारलं. "मी काय कॉलेजच्या वेळेत काढले?"

नवं खातं उघडायचं आणि जुन्यातले फोटो तिकडे न्यायचे, हे काम मी अंगावर घेतलं. खरं सांगायचं तर मला फार आनंद झाला. कॉलेजमध्ये कोणाला माझी गरज पडेल असं तोपर्यंत वाटलंच नव्हतं. चार-पाच दुपारी आम्ही कोपऱ्यातल्या संगणकावर बसलो. दुसऱ्याच्या आयुष्याचे ते छोटे छोटे चौकोन सरकताना मला विलक्षण कुतूहल वाटायचं. गावचं अंगण, वाळत घातलेली आमसुलं, भाच्याची मुंज, ग्रंथालयात शिरलेलं मांजर, लोकांनी पाठवलेली सकाळच्या शुभेच्छांची ढीगभर गुलाबं... प्रत्येकापाशी त्या थांबायच्या आणि गोष्ट सांगायच्या, त्यामुळे काम पुढे सरकायचं नाही. पण तासाभराने माझ्या लक्षात आलं की ह्यात मॅडम कुठेच नाहीत.

"तुमचा एकही फोटो नाही?"

"फोन माझ्या हातात असतो ना. मग मी कशी येणार त्यात?"

"आणि आईंचा?"

"आई?" त्या हसल्या. "फोन वर केला की पदर तोंडावर. म्हणायची, जित्या माणसाला कशाला भिंतीवर टांगताय. रेशनकार्डाच्या वेळी फोटोवाल्याशी भांडली होती."

अडचण जागेची होती. जुन्या खात्यात भरपूर जागा होती, नव्यात फुकटात मिळते तेवढीच. सगळं मावणार नव्हतं. आधी जुन्या खात्यातलं नको ते काढायचं आणि मग उरलेलं न्यायचं, असं मी ठरवलं. गुलाबं काढली. एकसारखे दिसणारे फोटो एकत्र करायला लावले, आणि पडदाभर एकच फोटो आला. शेगडी, बंद बटणं, बाजूचा स्टीलचा मोठा डबा. शेगडी, बटणं, डबा. मी खाली सरकवत गेलो, ते संपेचनात. तीन हजारांच्या वर होते.

मी हसलो. मोठ्याने हसलो. "मॅडम, तीन हजार वेळा गॅस बंद! एवढी काळजी तर सिलिंडरवाल्यालापण नसेल."

त्याही हसल्या, पण जरा उशिरा. "हसू नको, मेल्या," म्हणाल्या. मग पडद्याकडे बघत राहिल्या. "काढून टाक. वेडेपणाच तो."

मी सगळे निवडले. बटण दाबणार एवढ्यात त्यांनी माझा हात धरला. "थांब. एक राहू दे." आणि माउस स्वतःकडे घेऊन त्या शोधू लागल्या. खूप खाली गेल्या, काही वर्षं मागे. शेवटी ज्यावर बोट ठेवलं तो त्यातला सगळ्यात वाईट फोटो होता. तिरका, शेगडी अर्धीच, बाकी सगळा डबा.

"ह्यात तर गॅस नीट दिसतपण नाही."

"मला दिसतो," त्या म्हणाल्या.

बाकीचे मी काढून टाकले. जागा झाली, दोन दिवसांत सगळं नव्या खात्यात पोहोचलं, आणि मी स्वतःवर खूष होतो. निरोपसमारंभाच्या दिवशी त्या फुलांचा गुच्छ सांभाळत माझ्याकडे आल्या, फोन पुढे धरला, माझ्यासमोर खातं उघडून दाखवलं. "बघ. तुझ्याशिवाय जमतं मला." तीच आमची शेवटची भेट.

पाच आठवड्यांनी कॅन्टीनच्या रांगेत उभा असताना वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला. सकाळी, घरातच, हृदयविकाराने. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. माझ्या मनात पहिला विचार आला तो सांगायला लाज वाटते. गॅस बंद केला असेल ना?... मी त्यांच्या घरी गेलो नाही. तिथे मला कोण ओळखणार होतं, असं वाटलं.

पण कोणीतरी ओळखत होतं. तेराव्यानंतर एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "तू नितीन का? ताईच्या फोनमध्ये 'नितीन फोटो' असं नाव आहे. मी तिची धाकटी बहीण शैला, बोरिवलीहून बोलतेय. येशील का जरा?" दोन बस बदलून गेलो. शैलामावशींनी भिंतीवर लावायला ताईचा फोटो शोधला होता, ओळखपत्रावरच्याशिवाय कुठे मिळाला नव्हता. शोधता शोधता त्यांना तो तिरका फोटो दिसला होता. त्यांनी तो माझ्यासमोर बोटांनी मोठा केला, डब्यावर आणून थांबवला.

"काय दिसतंय?"

लख्ख स्टीलच्या पोटात, वाकडीतिकडी, लांबट झालेली एक म्हातारी बाई पाटावर बसली होती. पदर तोंडावर नव्हता. फोन आपल्याकडे रोखलेलाच नाही म्हटल्यावर ती कशाला पदर ओढेल?

"आई आहे ती," मावशी म्हणाल्या. "आईचा हा एकच फोटो आहे आमच्याकडे. ताईने कधी सांगितलं नाही मला. ह्याच्यासारखे अजून आहेत का रे?"

मी खरं ते सांगितलं. तीन हजार होते, मी हसलो, आणि काढून टाकले. त्यांनी उठून चहा ठेवला आणि आतूनच म्हणाल्या, "तुला काय माहीत, बाळा." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझे वडील साकीनाक्याला एका कारखान्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करतात. मावशींनी मला पाठवलेला तो फोटो मी त्यांना दाखवला. त्यांनी निरखून बघितला. "हात चांगला बसलाय पॉलिशवाल्याचा," ते म्हणाले. "म्हणून माणूस उमटला." मग माझ्याकडे बघून, "तू लहानपणी कारखान्यात यायचास तर प्रत्येक भांड्यात तोंड बघायचास. आता बघत नाहीस वाटतं." ते सहजच बोलले. मला मात्र झोंबलं. आणि मग मला एकेक गोष्ट आठवायला लागली. अकरा वाजता मॅडमना त्या सकाळचाच गॅस बघायचा असता तर तो फोटो सगळ्यात वर होता. मग अंगठा इतका वेळ कशाला सरकत असे? त्या कुठपर्यंत जात होत्या? आणि इतकं असूनही त्यांनी मला 'काढून टाक' का म्हटलं... मी हसलो म्हणून? की त्यांना एकच पुरणार होता? हे आता कोणाला विचारायचं, मला कळत नाही.

काढून टाकलेले फोटो साठ दिवस कचरापेटीत राहतात, मग कायमचे जातात. मी दिवस मोजले. त्रेपन्न झाले होते. पण कचरापेटी जुन्या खात्यात, आणि जुनं खातं कॉलेजने बंद केलेलं. संगणक विभागातले सर म्हणाले, "बंद केलंय, पुसलेलं नाही अजून. पण तुझ्या सांगण्यावरून कसं उघडू? तू कोण त्यांचा?" मी शैलामावशींना फोन केला. शैलामावशी मृत्यूचा दाखला घेऊन बोरिवलीहून आल्या. अर्ज मी लिहिला. 'कारण' ह्या रकान्यात काय लिहावं सुचेना. शेवटी लिहिलं, 'अर्जदाराच्या आईचे फोटो.' प्राचार्य बाहेरगावी होते, दोन दिवस त्यात गेले. सरांनाही खात्री नव्हती. "खातं बंद असतानाही दिवस मोजले जातात की थांबतात, मलाच माहीत नाही. उघडल्यावर कळेल. मलापण बघायचंय."

अठ्ठावन्नाव्या दिवशी दुपारी सरांनी खातं उघडलं. मावशींना यायला जमलं नव्हतं, मला करू दे असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. मी कचरापेटीवर क्लिक केलं. होते. सगळे होते, शेगडी, बटणं, डबा, शेगडी, बटणं, डबा, आणि खाली लिहिलेलं, दोन दिवस शिल्लक. "अरे वा," सर म्हणाले आणि खुर्ची जवळ ओढून बसले. मी सगळे परत आणले आणि मावशींच्या खात्यावर पाठवायला लावले. एकही मोठा करून बघितला नाही. एकदा बघून हसलो होतो, तेवढं पुरे झालं.

इतके फोटो जायला वेळ लागतो. रात्र गेली, दुसरा दिवस अर्धा गेला. मी ग्रंथालयात तिसऱ्या टेबलावर बसलो होतो. काउंटरवर आता नवे सर आहेत, ते चिठ्ठी कशी भरायची हे सांगत नाहीत, म्हणून एका मुलीला मी ती भरून दाखवत होतो. तेवढ्यात फोन थरथरला. मी बाहेर जिन्यात पळालो.

"पोहोचले," शैलामावशी म्हणाल्या. मी पायरीवर बसलो.

"नितीन, डब्यात आई लसूण सोलतेय रे. आणि तिच्या पुढ्यात ताई उभी आहे, खांद्याला पर्स, निघायच्या घाईत, फोन असा धरलेला. दोघी एकत्र आहेत. मी मघापासून बघतेय... आई होती तोवरच्या सगळ्या फोटोंत आहेत."