गिऱ्हाइकाच्या बाजूचा मॉनिटर

भानुतात्या दुकानात आले की आधी माझ्या खुर्चीकडे कधीच यायचे नाहीत. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसायचे, गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघायचे आणि म्हणायचे, "ताई, हितनं तर नुसती पाठच दिसती." पाठ म्हणजे माझ्या मॉनिटरची. मला हसू यायचं. दुरुस्तीला आलेल्या माणसाने पुढून बघावं की मागून?

नेवाशात बसस्थानकामागे माझं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. तात्या पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे. लोकांनी टीव्ही दुरुस्त करून घेणं सोडलं तेव्हा कॉम्प्युटरकडे वळले. जुना मॉनिटर कुणी टाकून द्यायला निघालं की त्यांचा चेहरा उतरायचा. "जीव हाय आजून त्याच्यात," म्हणायचे आणि उचलून घरी न्यायचे.

मला दोन मॉनिटर हवे होते. एकावर अर्ज, दुसऱ्यावर कागदपत्रं. तात्यांनी घरचा एक जुना मॉनिटर आणला आणि सोबत एका टोकाला दोन फाटे फुटलेली वायर. दोन्ही मॉनिटर लागले खरे, पण दोन्हींवर एकच चित्र! शिवाय जुन्याला बारीक अक्षरं झेपेनात म्हणून माझ्याही मॉनिटरवरची अक्षरं मोठी करावी लागली, आणि ती दोन्हीकडे जरा फिकी. मी वैतागले. "तात्या, तेच ते दोनदा बघून मी काय करू?"

"तुमी नगा बघू," म्हणत त्यांनी जुन्या मॉनिटरचं तोंड स्टुलाकडे फिरवलं. "एकाचं दोघांत वाटलं की थोडं फिकं व्हतंच. पन दिसतं ना?"

ती वायर काढून टाकायचं मी मनाशी ठरवलंच होतं. तेवढ्यात एक भाऊ-बहीण आले. वडील वारले होते, जमिनीला वारस लावायचे होते. भाऊ माझ्या बाजूला येऊन हळू आवाजात नावं सांगत होता: आई, तो स्वतः, धाकटा भाऊ. मी टाइप करत होते. बहीण मांडीवर पिशवी धरून स्टुलावर बसली होती. ती एकदम म्हणाली, "दादा, यात माजं नाव कुठं हाय?"

दादाने घाईने मॉनिटरकडे बोट केलं. "फुडच्या पानावर येतं," म्हणाला. बहीण माझ्याकडे बघत राहिली. पुढच्या पानावर काही येत नव्हतं. मी तसं सांगितलं. दादाने खाली बघत "घाला" म्हटलं आणि मी चौथं नाव भरलं.

संध्याकाळी दुकान आवरताना मला स्वतःचीच लाज वाटली. असे कितीतरी अर्ज मी भरले होते आणि समोर बसलेल्या बाईला 'तुम्ही कोण?' एवढंही कधी विचारलं नव्हतं.

हे ऐकून तात्या खूश होतील असं मला वाटलं होतं. स्टुलावर बसल्या बसल्या त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आमचे वडील गेले तवा अक्काचं नाव म्याच सांगितलं न्हवतं. ती अशीच समोर बसली हुती, मॉनिटरची पाठ बघत. घरी जाताना मलाच म्हनती, नीट भरलं ना रं समदं?"

"अजूनही दुरुस्तीचा अर्ज करता येतो, तात्या."

"ठावं हाय," म्हणाले आणि उठून गेले. त्यानंतर दोन महिने ते फिरकले नाहीत. मी उगाच बोलले, असं मला वाटत राहिलं.

तात्या गेल्या उन्हाळ्यात वारले. त्याच्या थोडं आधी, एका सकाळी ते अक्कांना घेऊन आले होते. थोरल्या बहिणीला त्यांनी स्टुलावर बसवलं आणि स्वतः पहिल्यांदाच सरळ माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. नावं त्यांनी दुकानाबाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितली. अक्कांचं सगळ्यात आधी.

चौथीपर्यंत शिकलेल्या अक्कांनी डोळे बारीक केले. "लई फिकं दिसतंय रं, भानू."

"वाटल्यावर व्हतंच थोडं फिकं. तू वाच."

अक्कांनी काचेवर बोट टेकवलं आणि अडखळत, मोठ्याने वाचलं. आधी स्वतःचं नाव, मग पुढे वडिलांचं. माझ्या खुर्चीमागे तात्या टोपीने डोळे पुसत होते.

"बराबर हाय," अक्का म्हणाल्या. "आता धाड."