नलिनीबाईंचा एशियाडेपिस

सौंसरच्या शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या नलिनीबाईंना अर्धवट माहितीची चीड होती. म्हणूनच शाळेच्या प्रदर्शनासाठी कापडाचा एशियाडेपिस बनवल्यावर त्यांनी खाली पाटी लावली : ‘सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा, माकडा-माणसांच्या गोतावळ्यातला प्राणी. गुजरातच्या कोळसा खाणीत जबडे-दात सापडले. शेपटी अंदाजे.’ खारीहून थोडा मोठा, आत घरच्या शेतातला कापूस, डोळ्यांना काचेच्या गोट्या. फोटो झकास यावा म्हणून त्यांनी तो अंगणातल्या संत्र्याच्या फांदीवर बसवला. फोटो गावभर फिरला. पाटी मात्र फोटोत आली नव्हती.

चौथ्या दिवशी जंगल कार्यालयातले वीरेंद्र साहेब दारात उभे.

"बाई, दुर्मिळ जनावर घरात ठेवून राहिल्या म्हणे तुम्ही. तक्रार आहे."

"दुर्मिळ नाही, नामशेष. जगात एकही उरला नाही."

"बाप्पा! मग तर गुन्हा अजूनच मोठा."

बाईंनी पोट उसवून कापूस दाखवला. साहेबांना पटलं, पण तक्रारीवर जप्ती लिहून झाली होती, ती खोटी कशी पाडणार? त्यांनी पंचनामा उघडला.

"मेला कधी?"

"पाच कोटी वर्षं तरी झाली."

"तारीख लागते."

"तारीख कुठून आणू मी?"

साहेबांनी ‘अज्ञात’ लिहिलं. खुराकाच्या रकान्यात ‘निरंक’.

"मारला कोणी?"

"कोणीच नाही. हवा बदलली असेल, जंगलं बदलली असतील. नक्की कोणालेच माहीत नाही."

पेन थांबलं. "मग आपण कसे उरलो?"

सव्वीस वर्षांत हे बाईंना कोणी विचारलं नव्हतं. पोरं फक्त विचारायची, परीक्षेला येईल काय? बाईंनी चहा ठेवला आणि फांदी पकडणाऱ्या बोटांपासून सुरुवात केली. साहेब स्वतःचा अंगठा निरखत राहिले. चहा गार झाला.

शेवटी ते उठले, ओशाळून हसले आणि जनावर पिशवीत घालून घेऊन गेले. त्याआधी बाईंनी पंचनाम्यात चुकलेलं जनावराचं नाव लाल पेनानं दुरुस्त केलं, मगच सही केली.

रविवारी साहेब पुन्हा आले, साध्या कपड्यांत, मुलगी तेजस्विनीला घेऊन. जनावर वरच्या कार्यालयात गेलं होतं. चौकशी चालू होती. बाई ओसरीवर दुसरा शिवत बसल्या होत्या.

"अन् हाही जप्त झाला तं?" साहेबांनी सुईत दोरा ओवत विचारलं.

"तुम्हीच कराल ना? याल तेव्हा वेळ काढून या."