ज्योतीतली काळी रेघ

वसुधा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकण चौकातल्या कोंडीत अडकले होते. रडू आलं नाही. संताप आला... तिच्या साहेबांचा.

आम्ही दोघी आकुर्डीच्या कॉलेजात एका बाकावर बसायचो. पुढे ती भट्ट्यांचे बर्नर बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली. आपलं काम तिनं एकदा मला नेऊन दाखवलं होतं. गॅस आणि हवा वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि ज्योतीतच एकमेकांत मिसळतात. कुठे किती मिसळतात, ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून लेसरचा उजेड कागदासारखा पातळ पसरून ज्योतीतून आरपार न्यायचा. त्यात गॅस चमकतो आणि कॅमेरा ते टिपतो. "बघ, ज्योत चिरून आत डोकावता येतं," ती म्हणाली होती. काळ्या पडद्यांच्या त्या खोलीत तिनं तीन वर्षं हेच केलं.

मग आजारपण निघालं. ती उपचारांसाठी रजेवर असताना साहेबांनी तिची चित्रं उचलली आणि स्वतःच्या नावानं शोधनिबंध छापला. तिचं नाव शेवटी, आभारात. मी चिडले, तर ती पलंगावर पडल्या पडल्या हसली.

"घाईत कच्ची चित्रं नेलीत गं त्यांनी. मधली काळी रेघ म्हणजे लेसरच्या वाटेतल्या काचेवरच्या ओरखड्याची सावली आहे. साहेबांनी तिच्यावर दोन पानं लिहिलीत!"

"मग सांग ना सगळ्यांना."

"आता ताकद नाही..."

शोकसभेत साहेबांनी तेच चित्र पडद्यावर लावलं आणि "माझ्या संशोधनात वसुधाची मोलाची मदत झाली" असं सांगू लागले. मी उभी राहिले. "साहेब, ही काळी रेघ कशाची?"

"तिथे गॅस आणि हवा मिसळतच नाहीत. तोच तर माझा शोध."

मागून गवारेमामा उठले. वसुधाच्या प्रयोगशाळेत लेसरची देखभाल करणारे. "न्हाई साहेब. काचेवरचा ओरखडा हाय त्यो. ह्ये चित्र काढल्यावर मॅडमनी दुसऱ्याच दिवशी काच बदलाया लावली व्हती. मीच बदलली."

साहेबांनी पाणी मागितलं, आणि मी त्यांचा उतरलेला चेहरा पोटभर बघून घेतला.

गेल्या आठवड्यात तो निबंध मागे घेतला गेला. काच बदलल्यावर वसुधानं काढलेली चित्रं आता तिच्या नावानं छापायला गेली आहेत. हे सांगायला तिच्या घरी गेले, तर तिच्या नवऱ्यानं माझ्यापुढे चहा ठेवला. मग म्हणाला, "सभेत जे झालं ना... वसुधाला ते आवडलं नसतं."

"माहीत आहे, भाऊजी," मी म्हटलं. "पण मला आवडलं."