भावाच्या नावाने हाजीर

गेणबा कैकाडी रस्त्याकडं पाठ करून कधी बसत नसे. कुणाच्या ओट्यावर यायचं झालं तर कंबरेची कोयती आधी काढून पायरीखाली ठेवी, मग वर येई. कुठं निघाला तर न विचारता सांगे, "नदीला चाललोय. दिस मावळायच्या आत येतो." तंबाखू मळताना बोलत नसे. कुणी "महिपती" अशी हाक मारली तर चटकन उठे. "गेणबा" म्हटलं तर सावकाश. आणि दिवेलागण झाली की हातातलं काम ठेवून उभा राही. काही क्षण. मग पुन्हा बसे.

हे शेवटचं का, ते मी त्याला एकदा विचारलं.

"हजेरीची येळ," तो म्हणाला. "पायास्नी अजून ठावं न्हाय ती बंद झाल्याली."

हजेरी बंद होऊन सात वर्षं झाली होती. त्याआधी कैकाड्यांच्या प्रत्येक मोठ्या पुरुषाला रोज संध्याकाळी चावडीपुढं उभं राहावं लागे. सरकारच्या लेखी ती जातच गुन्हेगार होती. पाटील नाव पुकारी, माणूस "हाजीर" म्हणे, पाटील वहीत खूण करी. गावाबाहेर जायचं तर पास लागे. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी, पळसदेवच्या अलीकडं. पाटील म्हणजे माझे वडील, आबा.

मी मराठी घेऊन बी.ए. झालो आणि छप्पन साली पुण्याहून घरी आलो. नोकरी नव्हती. ओढ्याकाठी कैकाड्यांची पालं होती, तिथं जाऊन बसू लागलो. गेणबा पस्तिशीचा असेल. निरगुडीचे फोक सोलून तो धान्याच्या कणग्या विणी. मी पहिल्या दिवशी त्याला "तुम्ही" म्हटलं, तर त्यानं मागं वळून पाहिलं.

"मला तुमी म्हनू नका, धाकलं पाटील. मागं कोन उभं हाय ते बघावं लागतं."

आमची मैत्री तिथून झाली.

त्या पावसाळ्यानंतर तालुक्याहून कागद आला. फिरत्या जमातींच्या लोकांना गावठाणालगत घरासाठी दोन-दोन गुंठे जागा द्यायची होती. अट एकच, माणूस दहा वर्षं या गावचा असल्याचा पुरावा हवा. पालातल्या बाकीच्यांनी ते ऐकून सोडून दिलं. गेणबानं सोडलं नाही. त्यानं कधी स्वतःहून काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. तो सकाळीच आमच्या ओट्यावर आला.

"माज्यासाठी येक अर्ज लिवा. मला जागा पायजे."

आम्ही दोघं कचेरीत गेलो. कारकून सज्जन होता. त्यानं अर्ज नीट वाचला, मग हजेरीच्या वहीची नक्कल काढून बघितली.

"यात गेणबा कुठंच नाही. महिपती धोंडी आहे. एकोणपन्नासपर्यंत रोज हजर." त्यानं गेणबाकडं पाहिलं. "तुम्हीच महिपती असाल तर तसं सांगा. आजच काम करून देतो."

गेणबाचा हात कंबरेकडं गेला, पण कोयती बाहेर पायरीखाली होती.

परतीच्या वाटेवर त्यानं सगळं सांगितलं. महिपती त्याचा थोरला भाऊ. वहीत नावं चढवायला फौजदार आला तेव्हा गेणबाला पंधरावं लागलं होतं. आईनं त्याला अर्धवट लिंपलेल्या कणगीत बसवलं आणि वर पाटी झाकली. फौजदारानं पालातली डोकी मोजली, बारा नावं लिहिली, आणि गेला. एक पोरगं वहीतून वाचलं म्हणून आईनं देवीला नारळ फोडला. तीन वर्षांनी पाल पास घेऊन सुप्याच्या बाजाराला गेलं होतं. तिथं महिपती पटकीनं गेला. तिथंच मातीआड केला. पण बाराजणांचा पास घेऊन गेलेले अकरा परत आले असते तर एक फरारी ठरला असता, आणि बाकीच्यांना धरून नेलं असतं. मेलाय म्हणून कुणी विश्वास ठेवला नसता. गावी परतले त्या संध्याकाळी पाटलांनी "महिपती" पुकारलं आणि गेणबा पुढं झाला.

"आमच्यात असंच करत्यात," तो म्हणाला. "नाव मोकळं ठेवायचं न्हाय. अकरा वर्सं मी त्येच्या नावानं हाजीर म्हनलो."

"मग आता महिपती म्हणून जागा घेतली तर?"

"त्येची बायकू जित्ती हाय. मी महिपती झालो तर वैनी माजी बायकू. मग सिंधू कोनाची?"

पालावर पोचलो तेव्हा त्याची बायको सिंधुबाई आणि वहिनी चंद्राबाई, दोघी फोक सोलत बसल्या होत्या. कचेरीतली गोष्ट ऐकून चंद्राबाई हसली.

"जागा मिळत आसंल तर हुते मी चार दिस नवरी. पर भाकरी म्या न्हाय थापायची."

"भाकरी मी थापीन, आक्का," सिंधुबाई म्हणाली. "तुमी निस्तं रुसून बसा. नव्या नवरीला तेवढं शोभतंय."

दोघी हसल्या. गेणबाही हसला. मग चंद्राबाईनं हातातला फोक खाली ठेवला. तिच्या कपाळावर जुनं हिरवं गोंदण होतं, कुंकू नव्हतं.

"भावजी, येक सांगू? त्येला कुटं तरी मेल्याला लिवून घ्या. अठरा वर्सं मी रंडकी हाय, आन् सरकारात सवाशीन."

गेणबानं तिच्याकडं पाहिलं नाही. मला म्हणाला, "खरं तेच लिवा. माजं नाव लिवा."

खरं लिहायचं म्हणजे महिपती कधी मेला हे सांगणारा साक्षीदार हवा. गेणबानं अकरा वर्षं सरकारला फसवलं, हे त्यातून उघड होणार होतं. आणि वहीत रोज खूण करणाऱ्या आबांनी काय केलं, तेही.

आमचं सगळं ऐकून आबांनी लाल फडक्यातली हजेरीची वही काढली. गेणबा खाली पायरीवर बसला. आबांनी पानं उलटली, एका पानावर बोट ठेवलं.

"त्या दिवशी आवाज निराळा आला," ते म्हणाले. "पोराचा आवाज. महिपतीचा घसा फाटका होता. मी मान वर केली नाही. खूण केली."

"तुमास्नी ठावं व्हतं?" गेणबानं विचारलं.

"बारा भरले पाहिजेत एवढंच मला वरून विचारीत. अकरा लिहिले असते तर तुमचं पाल उठलं असतं."

"पाटील, आता ते सांगून तुमास्नी तरास व्हईल. ऱ्हाऊ द्या."

"हजेरी मी घेतली. जाब मीच द्यायचा." आबांनी दौत पुढं ओढली. महिपती धोंडी कैकाडी अडतीस साली सुपे इथं पटकीनं मयत, त्याच्या जागी धाकटा भाऊ गेणबा हजर राहत असे, आणि हे मला माहीत होतं, असं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. खाली सही केली.

कचेरीनं तारीख दिली. पुढचा शुक्रवार. मामलेदारांपुढं गेणबानं जातीनं उभं राहून अंगठा द्यायचा होता.

रविवारी मी ओढ्याकाठी गेलो, तर तो मोठी कणगी विणायला बसला होता. तळ झाला होता, उभे फोक रोवलेले होते. कुणाची, म्हणून विचारलं.

"आमची," तो म्हणाला. मग थोडा लाजला. "गावात माज्या दोन-अडीचशे कनग्या असतील. आमच्या पालात येकबी न्हाय. फिरत्या मानसाला कनगी कशाला? पोतं पुरतं. आता घर व्हनार, मंग पायजे."

"जागा मिळू तर दे आधी," सिंधुबाई आतून म्हणाली.

"मिळंल. पाटलांनी लिवलंय."

मंगळवारी तो फोक कापायला नदीला गेला. जाताना आमच्या दारावरून गेला आणि नेहमीप्रमाणं सांगून गेला, दिस मावळायच्या आत येतो. निरगुडीच्या बेटात घोणस चावली. गुराख्यांनी आणला तेव्हा पाय मांडीपर्यंत सुजला होता. इंदापूरला न्यायला बैलगाडी जुंपली. गाडी गावाबाहेर पडण्याआधीच तो गेला.

मी गाडीबरोबर चालत होतो. दिवेलागण झाली होती एवढं आठवतं.

गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद आबाच ठेवीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती वही उघडली. पालातला एक म्हातारा आला होता. तो दबक्या आवाजात म्हणाला, "पाटील, महिपतीच लिवा. म्हंजे ते नावबी येकदाचं सुटंल. कुनाला कायबी इचाराय नको."

आबांनी टाक दौतीत बुडवला. मग त्यांनी लिहिलं आणि मला वाचायला लावलं. गेणबा वलद धोंडी, जात कैकाडी, वय अदमासे पस्तीस, राहणार याच गावी, कारण सर्पदंश.

शुक्रवारी मी एकटाच कचेरीत गेलो. कारकुनानं उठून मला बसायला खुर्ची दिली. अर्जावर अंगठ्याची जागा मोकळी होती. अर्जदार हयात नसल्यानं अर्ज निकाली निघाला. बायकोला हवं तर नव्यानं अर्ज करता येईल, तो म्हणाला, पण ती गेणबाची बायको असल्याचा पुरावा लागेल.

मी सिंधुबाईला ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "बघू," म्हणाली. चंद्राबाईच्या महिपतीच्या मृत्यूची नोंद मात्र त्या कागदपत्रात आबांच्या सहीनं राहिली. ते तिला सांगितलं तेव्हा तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि कुणासाठी ते मला कळलं नाही.

उसाचा हंगाम सुरू झाला तशी पालं बारामतीकडं गेली. कोऱ्हाळ्याच्या बाजूला त्या दोघी पाट्या विकतात, असं परवा कळलं. अर्जाचा नवा कागद मी आणून ठेवला आहे. त्यांची गाठ पडायची आहे.

जाताना कणगी गाडीत मावली नाही. ती आमच्या गोठ्यामागं आहे. कंबरेइतकी विणून झालेली. वरचे उभे फोक तसेच मोकळे आहेत, आणि वाळून आता वाकत नाहीत.