हात दुसऱ्याचे

“मापात रं, मापात!”

खोपोलीच्या शिळफाट्यावर माझा लग्नाच्या शूटिंगचा गाळा आहे. दादा आत आले की खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांची दोन बोटं माझ्या टेबलाच्या कडेवर वाजायला लागायची आणि पडद्यावर मी जे काही जोडत असेन त्यावर निकाल सुनावला जायचा. एकदा नवरी हार घालते तिथं मी चित्र संथ केलं होतं. “मापात रं! पोरगी हार घालतेय का अजगर धरतेय?”

मला राग यायचा. पण ते सांगतील तिथं कापलं की चित्र जागेवर बसायचं.

तुमच्यापैकी चाळिशी ओलांडलेल्यांनी दादांचे ड्रम नक्की ऐकले असतील, फक्त ते कोण वाजवतंय हे माहीत नसेल. कर्जतच्या तीन कॉलेजकुमारांनी मराठी रॉक बँड काढला होता. एकच कॅसेट निघाली, पण तिच्यातली दोन-तीन गाणी तेव्हा प्रत्येक सहलीच्या बसमध्ये वाजायची. बँडचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. त्या तिघांना ड्रम वाजवणारा मिळत नव्हता. लोधिवलीच्या एका हळदीत, बेंजो पार्टीत वाजवणारा सडपातळ माणूस त्यांच्या गायकानं पाहिला आणि तिथूनच त्याला उचललं. दादा कॉलेजात गेलेले नव्हते. ते वस्तीतल्या जयंतीच्या मिरवणुकीत वाजवायला शिकले आणि मग हळदीत पिकले.

तीन वर्षं ते खोपोलीच्या एका कागद गिरणीतली पहिली पाळी संपवून कर्जतला तालमीला जायचे. एके दिवशी पोचले तर तालमीच्या गोदामाला कुलूप. वॉचमन म्हणाला, “साहेब लोक मुंबईला गेले. आता तिकडंच करनार हायेत. तुमाला नाय सांगितलं?” नव्हतं सांगितलं. ड्रम आतच राहिले. महिन्याभरानं परत मिळाले तेव्हा मोठ्या ड्रमात कोंबडीनं अंडी घातली होती.

हा किस्सा दादा स्वतः सांगायचे आणि अंड्यांवर येऊन हसायचे. “पण तुम्हाला न सांगता गेले, त्याचं काय?” असं विचारलं की एकच उत्तर मिळायचं, “त्यांना घाई असंल.”

नंतर त्यांनी खालापूरच्या बाजूला पाइपांच्या कारखान्यात पक्की नोकरी धरली, लग्न केलं आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा हळदी वाजवू लागले. कारखान्यात एकदा गठ्ठ्याची लोखंडी पट्टी तुटून तोंडावर बसली आणि वरचे पुढचे चार दात गेले. तेव्हापासून ते खोटे दात लावायचे. वाजवताना मात्र काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे. “हादऱ्यानं गळ्यात उतरतील. मग मंगलाष्टकाऐवजी माझंच काहीतरी म्हनावं लागंल.” वाजवताना त्यांचं तोंड उघडं राहायचं आणि जीभ ठोक्याबरोबर डावी-उजवी हलायची. हळदीला आलेली पोरं ती नक्कल करायची. दादांना ते माहीत होतं.

बायकोशी ते तिखटच बोलायचे. वहिनी गाण्याबद्दल काही बोलल्या की, “तुला काय कळतंय गं तालातलं? तू भाकरी थाप.” वहिनी भाकरी थापायच्या. चार लोकांदेखत बोलले तरी थापायच्या.

मग बँडचं एक जुनं गाणं कुणीतरी इंटरनेटवर टाकलं आणि ते नव्या पोरांनी डोक्यावर घेतलं. आता जाहिरातींची गाणी करून बऱ्यापैकी नाव कमावलेल्या गायकाचा दादांना फोन आला. बँड पुन्हा एकत्र येणार, पुणे, नाशिक, कोल्हापूर आणि शेवटचा कार्यक्रम आपल्या कर्जतला. त्या शेवटच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ निघणार.

दादा धावत माझ्या गाळ्यावर आले. “बोलावलं रं! स्वतः बोलला. म्हनला, तुझ्याशिवाय बँड नाय.”

कारखान्यानं महिन्याची रजा दिली नाही. निवृत्तीला तीन वर्षं होती. दादांनी राजीनामा दिला. वहिनी मला येऊन म्हणाल्या, “भावजी, तुमी तरी सांगा. हे येकदा कुलूप बघून आलेत.” मी सांगितलं नाही. कर्जतच्या कार्यक्रमाचं शूटिंग आणि सगळं एडिटिंग मला मिळावं म्हणून दादांनी गायकाकडे शब्द टाकला होता. मलाही लग्नांच्या शूटिंगमधून बाहेर पडायचं होतं.

कर्जतचा कार्यक्रम नदीकाठच्या एका मैदानात संध्याकाळी झाला; तिकीट महाग होतं, वस्तीतलं कुणी आलं नव्हतं. माझे तीन कॅमेरे होते. त्यातला एक मी फक्त दादांवर ठेवला. काळा शर्ट, पोट सुटलेलं, दात खिशात. पहिल्या गाण्याला बाकीचे तिघं जरा चाचपडले. गायकाचा श्वास पुरत नव्हता. दादांनी मागून त्यांना धरून ठेवलं, घाटात गाडी धरतात तसं, आणि चौथ्या गाण्यात ड्रमचा एकट्याचा तुकडा आला तेव्हा त्यांनी असं काही वाजवलं की मी कॅमेऱ्याचं बटण तपासायचंही विसरलो.

शेवटी गायकानं सगळ्यांची ओळख करून दिली. दोघांची नावं घेतली, त्यांची शिक्षणं सांगितली. मग मागं हात करून म्हणाला, “आणि हा आमचा हळदीवाला! कर्जत, नवरदेव कुठंय?” मैदान हसलं. दादा उठले, दोन्ही हातांतल्या काठ्या कपाळाला लावून त्यांनी नमस्कार केला आणि तोंडभर हसले. दात नव्हते. माझ्या कॅमेऱ्यात तो चेहरा अगदी जवळून आला.

आठवड्याभरानं गायक माझ्या गाळ्यात बसून फुटेज बघत होता. तो चेहरा आला तसं त्यानं थांबवायला सांगितलं.

“हे काय आहे?”

“दादा.”

“ते दिसतंय. पण हे तोंड बघ ना. रॉक बँड वाटतोय का हा? बेंजो वाटतोय. हे लोकांना कसं दाखवू मी?”

“वाजवलंय मात्र...”

“वाजवलंय उत्तम. आवाज त्याचाच ठेव.”

पनवेलहून एक तरुण ड्रमर आणला. उंच, गोरा, केस मानेपर्यंत. तसाच काळा शर्ट घालून, एका हॉलमध्ये तसेच दिवे लावून, दोन दिवस त्याचं शूटिंग केलं. दादांचा आवाज लावायचा आणि त्यानं त्यावर हात हलवायचे. पोरगं प्रामाणिक होतं. दुसऱ्या दिवशी घाम पुसत म्हणालं, “सर, ह्यांचं मला नाही जमत. तुम्हीच काहीतरी कापून जुळवा.”

मी कापून जुळवलं. दादांचा एकेक ठोका कानात घ्यायचा आणि त्याखाली त्या पोराचा हात बसवायचा, असं अकरा दिवस केलं. त्या अकरा दिवसांत मला कळलं की हा माणूस काय दर्जाचा वाजवणारा आहे. कळलं म्हणून मी थांबलो नाही. व्हिडिओच्या शेवटी संकलक म्हणून माझं नाव येणार होतं.

आणि ह्या अकरा दिवसांत दादा रोज येत होते. नोकरी नव्हती, वेळ होता. त्यांची चप्पल वाजली की मी पडदा बदलून कुणाचं तरी बारसं लावायचो.

“झालं का रं?”

“चालू आहे दादा. शेवटी एकदमच बघा.”

“तेच बरं. मी एकट्यानं बघनार नाय. सगळ्यांसोबत बघनार.” मग टेबलाच्या कडेवर बोटं वाजवत, जरा लाजून, “चौथ्या गान्यातला माझा तुकडा आलाय का नीट?”

“आलाय,” मी म्हणायचो. आवाज आलाच होता.

व्हिडिओ एका रविवारी दुपारी चार वाजता इंटरनेटवर सगळीकडे एकदम येणार होता. दादांनी वस्तीतल्या समाजमंदिरात पडदा लावायचं ठरवलं. घरोघरी जाऊन सांगितलं. कारखान्यातले जुने सोबती बोलावले. आणि प्रोजेक्टर घेऊन मला बोलावलं. मी म्हणालो, पुण्याला ऑर्डर आहे. ते म्हणाले, “ते काय नाय. तू बनवलंस, तूच लाव.” मी गेलो. वाटेत दहा वेळा ठरवलं की त्यांना बाजूला घेऊन सांगावं. समाजमंदिरात पोचलो तर दादा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते आणि येणाऱ्याला पेढा देत होते. मी पेढा घेतला आणि वायरी जोडायला लागलो.

शंभरेक माणसं असतील. दादा पुढच्या खुर्चीवर, शेजारी वहिनी नवीन साडीत.

पहिलं गाणं सुरू झालं तशा टाळ्या पडल्या. दादांची बोटं गुडघ्यावर वाजू लागली, पडद्यावरच्या आवाजाच्या बरोबर. गायक दिसला, गिटारवाले दिसले, मैदान दिसलं. मागून कुणीतरी म्हणालं, “दादा कुटं हाय?” “येईल रं, मागं बसतो ना तो.” मग पडद्यावर ड्रमवरचे हात आले. लांबसडक बोटं, मनगटात चामडी पट्टा.

“हे हात यांचे नाय,” वहिनी म्हणाल्या. त्या हळू बोलल्या, पण गाण्याच्या फटीत सगळ्यांना ऐकू गेलं.

पुढच्याच क्षणी पोराचा चेहरा आला. दोन-चार क्षण कुणाला काही उमगलं नाही. मग कारखान्यातला एक सोबती ओरडला, “आयला, दादा गोरा झाला!” दुसरा म्हणाला, “केस बी आले!” “दात बघा, दात! वरचे चारी!” एकदा हसू फुटलं आणि मग ते आवरेना. पेढे खाल्लेली माणसं पोट धरून हसत होती. त्यात वाईट माणूस एकही नव्हता. दादांनी महिनाभर त्यांना बँडच्या गोष्टी ऐकवल्या होत्या, आणि त्याची वसुली त्यांना आयती मिळाली. एक म्हातारी बाई शेजारणीला विचारत होती, “म्हंजी ह्यानं वाजवलंच नाय? गप्पाच मारल्या?”

दादा वळून म्हणाले, “आवाज माझा हाय.” हसण्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही. ते उभे राहिले. “आवाज माझा हाय, आयका की!” तेव्हा तर जास्तच हसले.

मी प्रोजेक्टर बंद करायला हात नेला. दादांनी माझ्याकडे बघितलं. “चालू दे. शेवटपर्यंत चालू दे.” आणि खाली बसले.

चौथं गाणं आलं. तो तुकडा आला. एव्हाना निम्मी माणसं बाहेर जाऊन चहा पीत होती. दादा पडद्यावरच्या त्या पोराच्या हातांकडे डोळे बारीक करून बघत होते. वहिनींनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला होता. शेवटी नावं वर सरकू लागली. माझं नाव सावकाश गेलं. ड्रमसमोर पनवेलच्या पोराचं नाव होतं. दादांचं नाव होतं खाली ‘विशेष आभार’मध्ये, जनरेटरवाला आणि पाण्याचा टँकरवाला यांच्या मध्ये. आडनाव चुकलेलं होतं.

मी वायरी गुंडाळत होतो तेव्हा ते जवळ आले.

“तू कापलंस?”

“हो.”

“किती दिवस लागले?”

“अकरा.”

त्यांनी मनाशी काहीतरी जुळवलं. “म्हंजी मी यायचो तवा...”

“हो.”

“चांगलं जमवलंस,” ते म्हणाले. “मी शेवटपर्यंत बघत होतो, कुटं चुकतोस. येक ठोका पन सुटला नाय.”

इतक्या वर्षांत माझ्या कामाचं त्यांनी केलेलं ते एकमेव कौतुक.

पुढं जे व्हायचं ते झालं. वस्तीतली पोरं “दादा, दात आले का?” विचारायला लागली. बेंजो पार्टीनं हळूहळू बोलावणं बंद केलं. लोक वाजवणं सोडून त्यांच्या तोंडाकडेच बघतात, असं पार्टीवाल्यानं मला सांगितलं. व्हिडिओ खूप चालला. मला त्यावरून कामं आली. पनवेलचा पोरगा एका मुलाखतीत त्या तुकड्याबद्दल बोललाही, की तो वाजवताना आपण वेगळ्याच जगात असतो.

वर्षभरानं मला धीर आला. दादांवर ठेवलेल्या त्या एका कॅमेऱ्याचं सगळं फुटेज मी पेन ड्राइव्हमध्ये भरलं आणि त्यांच्या घरी गेलो. वहिनी उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. आत या म्हणाल्या नाहीत.

“काय हाय त्यात?”

“दादा आहेत. सगळे. पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

“तवा होतं का हे तुमच्याजवळ?”

“होतं.”

“मग आता कशाला आनलंत, भावजी?” त्यांनी दार लावलं नाही, तशाच उभ्या राहिल्या, मी जाईपर्यंत.

दादा चौक गावाच्या पुढं, जुन्या हायवेजवळ एका रिसॉर्टच्या फाटकावर सिक्युरिटीला लागल्याचं मला कळलं होतं. तसाच तिकडं गेलो. निळा गणवेश, टोपी कानांपर्यंत उतरलेली. मी बाइक उभी केली, हेल्मेट काढलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळख होती डोळ्यांत, आणि वही पुढं केली.

“नाव लिवा.”

मी नाव लिहिलं. त्यांनी वही फिरवून ते वाचलं.

“कोनाकडं काम?”

“दादा, तुमच्याकडंच.”

“तसा रकाना नाय यात,” ते म्हणाले. “आत जायाचं नसंल तर गाडी बाजूला घ्या. मागं गाडी हाय.”

मागं खरंच एक मोठी गाडी हॉर्न देत होती. मी बाइक बाजूला घेतली. दादांनी आडवा दांडा वर केला, टाचा जुळवून सलाम ठोकला आणि गाडी आत गेल्यावर दांडा पुन्हा खाली घेतला, दोन्ही हातांनी, अगदी सावकाश, आवाज न होऊ देता.