दीड वर्षाची धास्ती

लेक पोटात होता तेव्हा सातव्या महिन्यात जालन्याच्या सरकारी दवाखान्यात माझं रक्त तपासलं. मग नवऱ्यालाही बोलावून त्याचं तपासलं. तिथल्या समुपदेशक बाईंनी दार लावून घेतलं आणि सांगितलं, दोघांनाही एचआयव्ही आहे.

नवरा ट्रकवर होता, मोसंबी घेऊन पार दिल्लीपर्यंत जायचा. तो मान खाली घालून बसला. मला राग यायला हवा होता, पण भीतीच वाटली. गावात एक माणूस याच रोगानं गेल्यावर त्याच्या बायकोला कुणी हापशाला घागर लावू देत नव्हतं.

"बाळाला होईल का?" मी विचारलं.

"होऊ शकतं. पण कळा सुरू झाल्या की ही गोळी घ्या आणि लगेच इथं या. बाळालाही औषध पाजू. नंतर अंगावर पाजू नका, डब्याचं दूध द्या."

गोळी मी पदराला बांधून ठेवली. कळा आल्या तेव्हा नवरा ट्रकवर होता. मी गोळी तोंडात टाकली तेवढ्यात सासूनं पाहिलं.

"कशाची गोळी खाऊन राह्यली?"

"ताकदीची, आत्याबाई."

आमच्या गावाहून, तीर्थपुरीहून, जीप करून त्यांनीच मला जालन्याला नेलं. मुलगा झाला, नर्सनं त्याला औषध पाजलं.

घरी आल्यावर भावकीतल्या बाया जमल्या. "लेकराला अंगावर घे की," म्हणाल्या. छाती दुधानं ठणकत होती. तेवढ्यात सासू पुढं झाल्या.

"तिला दूधच न्हाई आलं. डब्याचंच पाजायचं हाय."

बाया गेल्यावर त्या माझ्याजवळ बसल्या. "पोरानं रडून समदं सांगितल्तं मला. मी हाय. भिऊ नको."

पण लेकराला रोग आहे का, हे ते दीड वर्षाचं झाल्यावर रक्त तपासूनच पक्कं कळणार होतं. तो खोकला की माझा जीव उडायचा. जरा हगवण लागली की मी त्याच्या हातापायांकडे बघत बसायचे, वाळलेत का म्हणून. त्याच काळात नवरा टीबीनं गेला. एचआयव्हीच्या फुकट गोळ्या औरंगाबादला मिळायला लागल्या त्या नंतर. मला त्या मिळाल्या.

तपासणीच्या दिवशी सासूच लेकराला कडेवर घेऊन आत गेल्या. मी बाहेरच थांबले. बाहेर आल्या त्या रडतच.

"काय म्हणाले?"

"काईच न्हाई म्हणले त्याला. बिलकुल न्हाई."

मी आत जाऊन बाईंना पुन्हा विचारलं. त्यांनी तेच सांगितलं. तरी घरी येईपर्यंत जीपमध्ये मी त्याचं कपाळ चाचपत होते.